कागदातला बाप, रक्तातली आई: एका स्कॉटिश वंशावळीच्या निमित्ताने

१/ वंशशोध हा अलीकडे इतिहासप्रेमींचा लाडका छंद झाला आहे. एका छोट्या नळीत लाळ भरून प्रयोगशाळेकडे पाठवायची; काही आठवड्यांनी रंगीत नकाशा हाती येतो आणि आपण कुठले किती टक्के आहोत, हे तो सांगू लागतो. या छंदाची एक मोठी पंढरी म्हणजे स्कॉटलंड. आजच्या थ्रेडमध्ये एक स्कॉटिश घराणे आहे, सुरतेची एक स्त्री आहे आणि आपल्या सोलापूर जिल्ह्यातले अक्कलकोटही आहे. माझे म्हणणे आधीच मांडते: जुना कागद आणि डीएनए हे दोघेही साक्षीदार आहेत, न्यायाधीश नव्हेत. त्यांची उलटतपासणी घेताना पहिला प्रश्न असावा तो हा, की या वंशावळीत आई कुठे आहे?

२/ स्कॉटलंडच का? तिथली दप्तरे. चर्चच्या बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांच्या नोंदवह्यांपैकी सर्वांत जुनी १५५३ सालची आहे. १ जानेवारी १८५५ पासून जन्म, विवाह व मृत्यूची सरकारी नोंदणी सक्तीची झाली. या नोंदणीचे वैशिष्ट्य असे, की मृत्यूच्या दाखल्यातही मृताच्या वडिलांबरोबर आईचे नाव, आणि तेही माहेरच्या आडनावासह, लिहिले जाई. म्हणून स्कॉटिश मनुष्य एका दाखल्यावरून दुसऱ्यावर उडी घेत आजीच्या आजीपर्यंत पोहोचू शकतो. ही सोय आपल्याला नाही. का नाही, ते पुढे येईल.

३/ स्कॉटिश घराण्यांची नावे ठेवण्याची रीत पाहिली की मराठी वाचकाला ओळखीचे वाटते. थोरल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचे नाव, दुसऱ्याला आईच्या वडिलांचे. आपल्याकडेही नातवाला आजोबांचे नाव ठेवीत. पेशव्यांचेच पाहा: विश्वनाथ, त्यांचे बाळाजी, त्यांचे बाजीराव आणि त्यांचे पुन्हा बाळाजी. अशा घराण्यात एकाच नावाच्या दोन माणसांची गल्लत होणे अगदी सोपे. वंशावळ लिहिणाऱ्याचा पहिला शत्रू कागदाचा अभाव नसून नावांची पुनरावृत्ती असते.

४/ आता हे स्कॉटिश लोक आपल्याकडे कसे? अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत स्कॉटिश तरुणांचा मोठा भरणा झाला. कंपनीवर देखरेख करणाऱ्या मंडळाची सूत्रे बरीच वर्षे हेन्री डंडास या स्कॉटिश राजकारण्याच्या हाती होती, हे त्याचे एक कारण. मुंबईचे गव्हर्नर जोनाथन डंकन, माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन आणि जॉन माल्कम हे तिघेही स्कॉटिश. मराठ्यांचा इतिहास लिहिणारा ग्रँट डफ स्कॉटलंडच्या बॅन्फचा. मुंबईत काळा घोड्याजवळचे सेंट अँड्र्यूज हे स्कॉटिश मंडळींचे चर्च १८१९ साली तयार झाले.

५/ आणि सोलापूर? आमच्या शहराची पेशवाई संपवणारा सेनानीही स्कॉटिशच होता. दुसऱ्या बाजीरावाने पळापळीच्या काळात आपले पायदळ व तोफा सोलापुरी ठेवल्या होत्या. मे १८१८ मध्ये जनरल टॉमस मन्रो आणि त्याच्या हाताखालचा प्रिट्झलर यांनी पेठेवर हल्ला चढवला, आणि १५ मे रोजी भुईकोट किल्ला त्यांच्या ताब्यात गेला. मन्रोचा जन्म ग्लासगोचा, १७६१ सालचा. वडील व्यापारी, अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात त्यांचा धंदा बुडाला. घर सावरायला मुलगे बाहेर पडले, अशा कैक स्कॉटिश कुटुंबांची कहाणी याच वळणाची आहे.

६/ हे तरुण सोळा-अठराव्या वर्षी येत आणि वीस-वीस वर्षे मायदेश पाहत नसत. अनेकांनी इथल्या स्त्रियांशी घरोबा केला. त्याला कधी विवाह म्हटले गेले, बहुतेकदा नाही. मुले झाली. मुलांचा बाप्तिस्मा झाला, तर मुंबई इलाख्याच्या चर्च-नोंदींत त्यांची नावे लागली. त्या नोंदींच्या प्रती लंडनला जात आणि आज ब्रिटिश लायब्ररीत त्या पाहता येतात. बापाचे नाव, हुद्दा, पलटण, सारे नीट लिहिलेले. आईच्या जागी अनेकदा 'देशी स्त्री' एवढाच उल्लेख. कित्येक ठिकाणी तोही नाही.

७/ मुलांचे पुढे काय होई? १७९१ साली कंपनीने ठरवले, की ज्यांचे आई किंवा वडील हिंदी आहेत त्यांना कंपनीच्या मुलकी वा लष्करी सनदी जागा मिळणार नाहीत. चार वर्षांनी नियम आणखी कडक झाला: अशा तरुणांनी पलटणीत राहायचे तर बाजा वाजवणारे म्हणून. म्हणजे आईचे नाव कागदावर लिहायचे नाही, पण आईचे रक्त मात्र नोकरी नाकारण्यासाठी मोजायचे. वंशावळ निरुपद्रवी छंद कधीच नव्हती, हे इथे कळते.

८/ या नियमाचा फटका बसलेल्यांत सर्वांत प्रसिद्ध नाव जेम्स स्किनर. जन्म १७७८, वडील स्कॉटिश अधिकारी, आई राजपूत. कंपनीत दार बंद म्हणून तो शिंद्यांच्या कवायती फौजेत चाकरीला लागला. द बॉयन आणि पेराँ यांच्या हाताखाली तो मराठ्यांकडून लढला. १८०३ मध्ये इंग्रजांशी युद्ध जुंपले तेव्हा त्याला तिथूनही काढले गेले. पुढे त्याने उभारलेले 'स्किनर्स हॉर्स' हे घोडदळ नावाजले, दिल्लीत त्याने चर्च बांधले. त्याच्या आईविषयी आपल्याला काय ठाऊक आहे? मुलींना शाळेत घातल्याने पडदा मोडला, हे सहन न होऊन तिने १७९० साली जीवन संपवले. तिचे माहेरचे नाव इतिहासाने राखले नाही.

९/ आता मुख्य प्रकरण. थिओडोर फोर्ब्स हा ॲबर्डीनशायरचा तरुण १८०९ च्या सुमारास कंपनीच्या नोकरीत सुरतेला आला. तिथे एलायझा केवार्क या स्त्रीशी त्याचा संसार सुरू झाला. १८१२ साली त्यांना मुलगी झाली: कॅथरिन स्कॉट फोर्ब्स, घरातली किटी. थिओडोरची नेमणूक तांबड्या समुद्रावरच्या मोखा बंदरात झाली तेव्हा एलायझाही बरोबर गेली. तिथे मुलगा अलेक्झांडर जन्मला. पुढे थिओडोरने मुंबईत व्यापारी पेढीत भागीदारी धरली, आणि एलायझाला सुरतेलाच ठेवले.

१०/ यानंतरची एलायझा आपल्याला भेटते ती पत्रांतून. स्कॉटलंडमध्ये जपलेल्या फोर्ब्स घराण्याच्या कागदांत तिची पत्रे आहेत. त्यांत गुजराती लिपीतला मजकूर आढळला. मला मुंबईला बोलावून घ्या, मुलांना भेटा, खर्चाची सोय करा, अशा विनवण्या त्यांत आहेत. ते बोलावणे आले नाही. किटीला लहानपणीच स्कॉटलंडला आजीआजोबांकडे रवाना करण्यात आले. १८२० साली थिओडोर स्वतः मायदेशी निघाला आणि जहाजावरच वारला. त्याच्या मृत्युपत्रात एलायझाचा उल्लेख पत्नी म्हणून येत नाही. घरकाम पाहणारी स्त्री म्हणून येतो.

११/ किटी मात्र तगली. १८३७ मध्ये तिने ॲबर्डीनच्या जेम्स क्रॉम्बीशी लग्न केले. तिची मुलगी जेन. जेनची मुलगी रूथ लिटलजॉन. तिची मुलगी रूथ गिल, म्हणजे पुढची लेडी फर्मॉय. तिची मुलगी फ्रान्सिस. फ्रान्सिसची मुलगी डायाना. आणि डायानाचा मुलगा, आज ब्रिटनच्या गादीचा वारस असलेला विल्यम. एलायझापासून विल्यमपर्यंत सात पिढ्या, आणि विल्यम येईपर्यंत साखळीतील प्रत्येक कडी स्त्री आहे. ही अखंडता लक्षात ठेवा. पुढचे सारे तिच्यावर उभे आहे.

१२/ घराण्याच्या वंशावळीत एलायझा 'आर्मेनियन' म्हणून नोंदली गेली होती. यात अशक्य काही नव्हते: सुरत हे आर्मेनियन व्यापाऱ्यांचे जुने केंद्र, आणि केवार्क हे नाव आर्मेनियन केव्होर्कसारखे. पण 'आर्मेनियन' हा शब्द त्या काळच्या स्कॉटिश घराला सोयीचाही होता. ख्रिस्ती, गोरी, परकी असली तरी 'काळी' नाही. कागद इथे खोटे बोलत होता असे नव्हे. तो अर्धेच बोलत होता, आणि उरलेले अर्धे ऐकायची कुणाला गरज वाटत नव्हती.

१३/ जून २०१३ मध्ये एडिनबरा विद्यापीठातील जनुकशास्त्रज्ञ जिम विल्सन यांच्याशी संबंधित वंशशोध कंपनीने निष्कर्ष जाहीर केला. डायानाच्या मातृवंशातील नातेवाइकांची लाळ तपासली असता मायटोकाँड्रियाचा आर३०बी हा दुर्मीळ गट सापडला. तोवर तो ज्या मोजक्या लोकांत नोंदला गेला होता, ते एका नेपाळी व्यक्तीखेरीज सारे भारतीय होते. अर्थ असा, की एलायझाच्या वडिलांकडे आर्मेनियन वारसा असेल, पण तिच्या आईची आई, तिची आई, ही ओळ याच उपखंडातली.

१४/ मायटोकाँड्रियाच का? पेशीतील या घटकाला स्वतःचा छोटासा डीएनए असतो, सुमारे १६,५६९ अक्षरांचा. तो आईकडून सर्व मुलांना मिळतो, पण पुढे फक्त मुलींमार्फत जातो. विल्यमकडे एलायझाचा हा वारसा आहे. त्याच्या मुलांकडे नाही, कारण त्यांना तो त्यांच्या आईकडून मिळाला. याउलट वाय गुणसूत्र बापाकडून मुलाला. आपली आडनावे ज्या वाटेने चालतात तीच वाट वाय गुणसूत्राची. मायटोकाँड्रियाच्या वाटेने चालणारे एकही आडनाव आपल्याकडे नाही.

१५/ उरलेल्या गुणसूत्रांचा हिशोब निराळा. प्रत्येक पिढीत निम्मा वाटा. सात पिढ्यांमागे आपले पूर्वज १२८ असतात. त्यातल्या एकाचा सरासरी वाटा पाऊण टक्क्याच्या आसपास. दहा पिढ्यांमागे पूर्वज १०२४, आणि त्यांतल्या अनेकांचा एक कणही आपल्या शरीरात उरलेला नसतो. ते आपले पूर्वज नव्हते काय? होतेच. डीएनए त्यांना ओळखत नाही, एवढेच. म्हणून 'अहवालात आले नाही, म्हणजे संबंध नाही' हे अनुमान मुळातच चुकीचे.

१६/ या निष्कर्षावर टीकाही झाली, आणि ती योग्य होती. शास्त्रीय नियतकालिकात परीक्षण होण्याआधीच तो वर्तमानपत्रात झळकला. एका जिवंत माणसाच्या जनुकांविषयीची बातमी त्याची स्वतःची चाचणी न करता नातेवाइकांवरून जाहीर झाली. शिवाय ती कंपनी चाचण्या विकत होती, तेव्हा राजघराण्याची बातमी ही जाहिरातही होती. एक मात्र खरे: फोर्ब्सचे कागद नसते, तर आर३०बी हे निव्वळ एक संकेताक्षर राहिले असते. आणि चाचणी नसती, तर एलायझाची आई कायमची 'आर्मेनियन' या शब्दाखाली झाकली गेली असती.

१७/ इथवर वाचून कुणी म्हणेल: म्हणजे शेवटी डीएनए खरा आणि कागद लबाड. थांबा. आता अक्कलकोटला चला, सोलापुरापासून एका एसटीच्या अंतरावर. १७०७ मध्ये मोगलांच्या कैदेतून सुटून येणाऱ्या शाहूराजांना पारद गावी विरोध झाला. चकमकीत तिथला पाटील सयाजी लोखंडे मारला गेला. त्याच्या पत्नीने आपले मूल शाहूराजांच्या पायावर घातले. राजांनी त्या राणोजीला पुत्रासारखे वाढवले, विरूबाईंनी त्याचा सांभाळ केला, आणि त्याचे नाव झाले फत्तेसिंह भोसले. अक्कलकोटचे संस्थान त्याच्यापासून सुरू होते.

१८/ आता प्रयोगशाळेला विचारा, फत्तेसिंह कोण? ती म्हणेल, लोखंडे. दप्तराला विचारा, ते म्हणेल, भोसले. खरे कोण? माझे उत्तर: दोघेही, पण दोन वेगळ्या प्रश्नांना. 'कुणाच्या पोटचा?' हा जीवशास्त्राचा प्रश्न. 'कुणाच्या घरचा? कुणी वाढवला, कुणासाठी लढला, कुणाचे नाव चालवले?' हा इतिहासाचा प्रश्न. अक्कलकोटचा इतिहास दुसऱ्या उत्तराशिवाय लिहिताच येत नाही.

१९/ हे अपवादात्मकही नाही. कोल्हापूरचे राजर्षी शाहू जन्माने कागलच्या घाटग्यांचे यशवंतराव. १८८४ साली आनंदीबाई राणीसाहेबांनी त्यांना दत्तक घेतले. बडोद्याचे सयाजीराव जन्माने नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याच्या शेतकरी घरातले गोपाळराव, गायकवाडांच्याच दूरच्या शाखेचे. १८७५ मध्ये जमनाबाईंनी त्यांना दत्तक घेतले. आधुनिक महाराष्ट्र व गुजरात ज्यांचे ऋण मानतात असे हे दोन राजे दत्तकविधीने गादीवर आले. दोघांनाही निवडणाऱ्या स्त्रिया होत्या, हेही विसरू नये. कोल्हापुरात तर वाय गुणसूत्राची रेषाच तुटते. वंश तुटत नाही.

२०/ म्हणजे डीएनए निरर्थक? तसेही नाही. कोकणातील बेने इस्रायल समाजाची परंपरा सांगते, की त्यांचे पूर्वज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून आले. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने दाखवले, की या समाजात ज्यू आणि भारतीय असे दोन्ही वारसे ठळक आहेत, आणि त्यांची सरमिसळ सुमारे १९ ते ३३ पिढ्यांपूर्वी झाली असावी. गलबताच्या कथेचा तो पुरावा नाही. पण शतकानुशतके तेल गाळणाऱ्या, शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या एका मराठीभाषक समाजाने जपलेली आठवण पोकळ नव्हती, एवढे त्याने सांगितले. कागद जिथे नसतोच, तिथे डीएनए मोलाचा.

२१/ आणि शुद्धतेच्या गोष्टी करणाऱ्यांसाठी आणखी एक. भारतीय लोकसमूहांवरील २०१३ च्या अभ्यासानुसार आजच्या जवळजवळ सर्व भारतीय समूहांत दोन मोठ्या प्राचीन वारशांची सरमिसळ आहे. ती साधारण ४२०० ते १९०० वर्षांपूर्वीच्या काळात झाली, आणि नंतर जातीअंतर्गत विवाह घट्ट होत गेले. आपण ज्या भिंतींना सनातन समजतो त्या बांधल्या जाण्याआधी मैदान मोकळे होते. रक्ताच्या चाचणीतून अभिमान शोधणाऱ्याला रक्त हे असे उत्तर देते.

२२/ आता आपली साधने. 'आपल्याकडे नोंदी नाहीत' ही तक्रार अर्धवट आहे. उत्तर कर्नाटकात आणि लगतच्या आपल्या भागात हेळवी हा समाज पिढ्यानुपिढ्या यजमान कुटुंबांच्या वंशावळी सांभाळत आला. पंढरपूर, नाशिक, त्र्यंबकेश्वर येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेकरूंची नावे गावासकट सापडतात. गावपातळीवर जन्ममृत्यूचे कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना १४. शाळांची प्रवेश रजिस्टरे. इनामाचे कागद, महजर, मोडी रुमाल. कित्येक घराण्यांचे छापील कुलवृत्तांत. स्कॉटलंडसारखी एकाच छताखाली नाहीत, पण आहेत.

२३/ हे कागद किती जिवंत आहेत, ते सप्टेंबर २०२३ नंतर साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, आणि तहसील कचेऱ्यांत धूळ खात पडलेले मोडी रुमाल अचानक उघडले. आरक्षणाच्या प्रश्नावर तुमचे मत काहीही असो, त्यातला इतिहासाचा धडा एकच आहे: शंभर वर्षांपूर्वी एखाद्या कारकुनाने लिहिलेला एक शब्द नातवाच्या नातवाचे भविष्य ठरवू शकतो. मोडी वाचणाऱ्यांना एरवी कुणी विचारत नाही. त्या वर्षी त्यांना शोधत माणसे आली.

२४/ पण याच साधनांतली मोठी पोकळी पाहा. हे दाखले प्रामुख्याने बापाच्या बाजूने चालतात. आई, आजी, पणजी यांचे माहेर सहसा नोंदलेले नाही. त्यात आपली एक खास रीत: लग्नात मुलीचे आडनावच नव्हे, पाळण्यातले नावही बदलायचे. माहेरची यमुना सासरी लक्ष्मी होते. तिच्या जन्माचा कागद एका नावाचा, मृत्यूचा दुसऱ्याच, आणि दोघी एकच होत्या हे सांगणारा कागद कुठेच नाही. स्कॉटिश दाखल्यावर एक जास्तीचा रकाना होता, म्हणून तिथल्या आज्या सापडतात. आपल्या आज्या अज्ञात आहेत, कारण तो रकाना आपण काढलाच नाही. चांगले कुलवृत्तांत माहेर नोंदतात, हा सन्मान्य अपवाद.

२५/ म्हणून एलायझाची गोष्ट दूरची नाही. थिओडोरने तिला मृत्युपत्रात 'घरकाम पाहणारी' केले. आपण आपल्या पणज्यांना वंशवृक्षावर 'पत्नी' एवढीच पाटी लावून उभे केले. फरक इतकाच, की एलायझाच्या वंशातली एक लेक पुढे मोठ्या घरात गेली, म्हणून एलायझाची पत्रे भाषांतरित झाली, तिच्यासाठी प्रयोगशाळा चालल्या. शोध घेतला जावा यासाठी प्रत्येक सुरतवालीला राजपुत्राची पणजी व्हावे लागणार असेल, तर दोष पुराव्याचा नाही, आपल्या कुतूहलाचा आहे.

२६/ सोलापूरकराला हे सांगावे लागू नये. या शहरात मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू एकाच गल्लीत ऐकू येतात. तेलंगणातून माग घेऊन आलेली पद्मशाली कुटुंबे, १८७७ ची जुनी मिल, चादरीचे कारखाने. अशा घरातल्या मुलाने लाळ पाठवली, तर अहवाल 'दक्षिण भारत' म्हणेल. आजोबा कोणत्या दुष्काळात गाव सोडून निघाले, पहिला माग कुणाच्या उसनवारीवर उभा राहिला, आजीने विड्या वळून किती मुलांना शिकवले, हे कुठल्याही गुणसूत्रावर लिहिलेले नसते. आणि नेमका तोच आपला इतिहास असतो.

२७/ एक सावधगिरीही. तुमचा डीएनए तुमच्या एकट्याचा नाही. तुम्ही नळी पाठवता तेव्हा भाऊ, मावशी, अजून न जन्मलेली भाची यांचीही माहिती पाठवता. २०२३ मध्ये '२३अँडमी' या अमेरिकन कंपनीतील सुमारे ६९ लाख लोकांची माहिती फुटली. मार्च २०२५ मध्ये त्या कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला, आणि ग्राहकांच्या जनुकीय माहितीचे पुढे काय, हा प्रश्न उभा राहिला. शिवाय घरातले एखादे दत्तकविधान, एखादे झाकलेले दुःख त्या अहवालातून अवचित बाहेर येऊ शकते. विचारल्याशिवाय कुणाचे कुलूप उघडण्याचा हक्क इतिहासप्रेमालाही नाही.

२८/ मग करायचे काय? एक: आधी घरातल्या सर्वांत वृद्ध स्त्रीपाशी बसा. तिचे पाळण्यातले नाव, माहेरचे गाव, तिच्या आईचे माहेर, असे विचारत मागे जा. तिच्या परवानगीने आवाज ध्वनिमुद्रित करा. दोन: शाळेचा दाखला, कोतवाल बुक, सातबाऱ्याचे जुने फेरफार पाहा. तीन: मोडी शिका, सरावाने काही महिन्यांत हात बसतो. चार: प्रत्येक नोंदीपुढे 'कुणी लिहिले, कशासाठी लिहिले' हे टिपा. पाच: एवढे झाल्यावर नेमका प्रश्न उरला आणि घरच्यांची संमती असली, तरच चाचणी. प्रश्न नसताना केलेली चाचणी उत्तर देत नाही, फक्त नकाशा देते.

२९/ राजवाड्यांनी गावोगाव हिंडून रुमाल गोळा केले, तेव्हा अस्सल कोणते, नक्कल कोणती, हे तपासायची शिस्त त्यांनी मराठी इतिहासाला लावली. आपल्या पिढीच्या हाती एक नवे साधन आले आहे. शिस्त मात्र तीच हवी. अस्सल कागदही अर्धे सांगतो, हे फोर्ब्सच्या मृत्युपत्राने दाखवले. अस्सल रक्तही अर्धेच सांगते, हे अक्कलकोटच्या फत्तेसिंहांनी.

३०/ आपल्या वंशवृक्षाचा कागद घरात असेल तर काढून बघा. पुरुषांची नावे मोजा, मग स्त्रियांची. नंतर पेन्सिलीने एक रकाना वाढवा: 'आईचे माहेर'. जे ठाऊक असेल ते आजच लिहा. ज्यांना विचारता येईल अशी माणसे अजून आहेत तोवर विचारा. किती पिढ्या मागे जाता आले, तो आकडा उत्तरात जरूर कळवा. नावे मात्र घरच्या वहीतच राहू द्या. मी मोडी कागदांवरचा पुढचा थ्रेड लिहीन, तो तुमच्या उत्तरांतल्या अडचणींपासूनच सुरू करीन.